जुनं इंजिन घरी बांधावं की मेकॅनिककडे द्यावं? काही महिने चालवल्यानंतरचा अनुभव

इंजिन चार सिलिंडरचं, कार्ब्युरेटरवालं, जुनं पेट्रोल. बोअरिंग (सिलिंडरचं भोक, म्हणजे बोअर, कापून मोठं करणं), क्रँक (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा) ग्राइंडिंग आणि हेडचं (व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) काम मशीन शॉपमध्ये करून घेतलं, बाकी सगळी जोडणी घरी. आता काही हजार किलोमीटर चालून झाल्यावर गरम इंजिनचं ऑइल प्रेशर स्थिर आहे, दोन ऑइल बदलांच्या मध्ये डिपस्टिकवरची पातळी जेमतेम हलते आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब) जवळपास सारखं येतं. त्यावरून ठाम मत असं झालं आहे, की ‘घरी की बाहेर’ हा प्रश्न अख्ख्या इंजिनाला एकदम विचारू नये, एकेका कामाला विचारावा. मापं घेणं, धुणं आणि जोडणं ही वेळखाऊ कामं आहेत, आणि घरी वेळ काढता येतो. धातू कापायचं काम मात्र मशीनवरच व्हायला हवं.

इंजिन उघडण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट करा: इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. सिलिंडरांमध्ये पंधरा टक्क्यांहून जास्त फरक आला तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर गेलेत. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. धूरही बरंच सांगतो. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी निळा धूर सोडून नंतर थांबवला, किंवा उतारावर पाय काढून पुन्हा रेस देताना धूर आला, तर बहुतेक व्हॉल्व्ह सील आणि गाइड. अशा वेळी नुसतं हेड उतरवून भागतं, पूर्ण इंजिन उघडायची गरज नसते. बरेच जण इथेच उगाच मोठं काम काढतात.

खोलताना मेन कॅप (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या) आणि रॉड कॅप (पिस्टनच्या दांड्याला क्रँकवर धरणाऱ्या) यांच्यावर क्रमांक आणि दिशा टाकून ठेवा. या कॅप आपापल्या जागी बसवूनच भोक कापलेलं असतं, त्यामुळे अदलाबदल झाली तर ते गोल राहत नाही आणि बेअरिंग धरतं.

बोअर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजा. वर आणि खाली यांत 0.1 मिमीच्या आसपास फरक असेल तर नुसतं होनिंग (बोअर दगडाने हलका घासणं) करून नव्या रिंगा टाकण्यात अर्थ नाही, कारण रिंग प्रत्येक फेरीत उघडझाप करत राहते आणि लवकर थकते. ओव्हरसाइज पिस्टन (0.25 किंवा 0.50 मिमी) आधी घ्या आणि तेच पिस्टन बोअरिंगवाल्याच्या हातात द्या. डब्यावरच्या आकड्यावरून बोअर मारायला सांगू नका. प्रत्यक्ष पिस्टन मोजूनच क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली मोकळीक) ठरतो. अ‍ॅल्युमिनियमचं हेड सरळ पट्टी आणि फीलर गेजने तिरकं, उभं, आडवं तपासा. 0.05 मिमीची पात पट्टीखाली सहज जात असेल तर हेड फेसिंगला (मशीनवर सपाट करायला) द्या. व्हॉल्व्ह सीटची कटिंगही तिथेच करून घ्या.

मशीन शॉपमधून आलेला ब्लॉक स्वच्छ दिसतो, पण नसतो, आणि घरी काम करण्याचा सगळ्यात मोठा फायदा इथेच आहे. होनिंगची खर (घासल्यावर उरलेली बारीक पूड) बोअरच्या बारीक रेघांत अडकून बसते आणि पेट्रोलने किंवा रॉकेलने धुतली तर तिथेच राहते. गरम पाणी, साबण आणि ताठ ब्रश घ्या. पांढरं फडकं ऑइलमध्ये बुडवून बोअरवरून फिरवल्यावर करडं होत असेल तर पुन्हा धुवा. ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे) प्लग काढून आतून लांब ब्रश फिरवा, क्रँकच्या ऑइल भोकांतूनही. वाळवताच बोअरला ऑइल लावा, नाहीतर लगेच गंज धरतो. नव्या बेअरिंगवर सुरुवातीच्याच काळात ओरखडे पडतात, ते बहुतेक वेळा या राहिलेल्या खरीमुळे.

बेअरिंग क्लिअरन्स प्लास्टिगेजने (दाबल्यावर चपटी होणारी बारीक पट्टी, तिच्या रुंदीवरून फट कळते) पाहता येतो. जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) कोरडा पुसा, पट्टी ठेवा, कॅप पूर्ण टॉर्कला आवळा आणि क्रँक अजिबात फिरवू नका. 50 मिमीच्या जर्नलला साधारण 0.025 ते 0.05 मिमी अपेक्षित असतं, तरी शेवटचा शब्द त्या इंजिनच्या मॅन्युअलचा. सगळ्या मेन कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरला पाहिजे.

रिंगांकडे विशेष लक्ष द्या. प्रत्येक रिंग तिच्याच बोअरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून गॅप (रिंगच्या दोन टोकांमधली फट) मोजा. अंदाज म्हणून बोअरच्या व्यासाच्या 0.004 पट, म्हणजे 75 मिमी बोअरला 0.30 मिमी. गॅप कमी असेल तर रिंग गरम झाल्यावर टोकाला टोक भिडतं आणि बोअर खरडतो. किंचित जास्त असलेला चालतो. दुसरी रिंग बऱ्याचदा निमुळती असते. तिची खुणेची बाजू वरच हवी, उलटी बसली तर ती ऑइल खरवडून खाली न्यायच्या ऐवजी वर चढवते. नवं इंजिन धूर काढतं म्हणून बोअरिंगवाल्याला दोष दिला जातो, तेव्हा आधी हे तपासावं.

हेड बोल्टची भोकं कोरडी करा. बंद भोकात ऑइल साठलं असेल तर बोल्ट आवळताना त्या दाबाने ब्लॉक तडकतो. बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळा. टॉर्कनंतर ठरावीक कोनात फिरवून ताणायचे बोल्ट असतील तर नवेच घ्या. सिलिकॉन सीलंट पातळ लावा, आत सुटलेला तुकडा थेट ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. क्रँकच्या मागच्या सीलच्या जागी जुन्या सीलने खाच पाडली असेल तर नवा सील जागा देईल तेवढा थोडा पुढेमागे बसवा. गळती महिन्यांनंतर दिसते आणि तेव्हा गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

टायमिंग (क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांची जुळणी) जोडल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा, खुणा पुन्हा जुळल्या पाहिजेत. मध्ये कुठे अडलं तर जोर लावू नका. पहिल्या स्टार्टआधी प्लग काढून, इग्निशन तोडून, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा.

चालू झाल्यावर तासभर आयडलिंगवर ठेवणं ही जुनी सवय सोडून द्यावी. रिंगा बोअरवर बसतात त्या ज्वलनाच्या दाबाने, आणि आयडलिंगला तो दाबच नसतो. बोअर गुळगुळीत चकाकतो आणि इंजिन कायम ऑइल खातं. मधल्या गिअरमध्ये मध्यम लोड द्या, मग पाय काढा, असं पुन्हा पुन्हा. कॅम आणि सपाट टॅपेट (कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणारे तुकडे) नवे असतील तर मात्र आधी वीसेक मिनिटं 2000 आरपीएमच्या आसपास चालवावं लागतं. सुरुवातीला साधं मिनरल ऑइल, पहिला बदल 500 किलोमीटरच्या आत, फिल्टरसकट. फिल्टर कापून आत धातूचे कण आहेत का ते बघा. हजार किलोमीटरला टॅपेट क्लिअरन्स पुन्हा घ्या, व्हॉल्व्ह सीटवर बसतात तसा तो कमी होतो.

मायक्रोमीटर, बोअर गेज आणि भरवशाचा टॉर्क रेंच मिळत नसेल, किंवा गाडी रोज लागत असेल, तर काम सरळ मेकॅनिककडे द्या; त्याची गॅरंटीही मोलाची असते. देताना बोअर, पिस्टन क्लिअरन्स, जर्नल आणि रिंग गॅप यांची लेखी मापं मागा, जुनी बेअरिंग परत घ्या आणि ब्लॉक बोअरिंगनंतर कशाने धुणार ते विचारा. या शेवटच्या प्रश्नाला ‘पेट्रोलने’ असं उत्तर आलं तर इंजिन तिथे सोडू नका.