बोगनव्हिल: जमिनीखालचं तांबं कोणाचं?

पापुआ न्यू गिनी या देशातल्या बोगनव्हिल बेटावर बहुतेक कुळांत जमीन आईकडून लेकीकडे जाते. देशाचा १९९२चा खाण कायदा मात्र सांगतो: वरची माती तुमची, खालचं तांबं-सोनं सरकारचं. बेटावरची पांगुना ही तांब्याची खाण त्याआधीही, १९७२ ते १९८९, याच तत्त्वावर चालली. खाणीचा करडा गाळ थेट जाबा नदीच्या खोऱ्यात सोडला. मळे, मासे, पाणी सगळं गेलं. त्यातून पेटलेल्या युद्धात हजारो माणसं मेली.

बेटाच्या स्वायत्त सरकारचा २०१५चा कायदा नेमका उलटा. खनिजंही कुळाचीच, आणि शोधकामाला नकार द्यायचा हक्कही त्यांचाच. मला हाच न्याय्य वाटतो. पण एक गोष्ट सलते. जमीन बाईची असली तरी बैठकीत बहुधा मामा किंवा भाऊच बोलतो. सही घेण्याआधी तिला विचारलं का, हे पाहायलाच हवं.