बंदुकीचा बिगिनर सेफ्टी क्लास, टेक्सास: शिकवणं ५/५, ऐकून घेणं २/५

आमच्या मुलाच्या बऱ्याच मित्रांच्या घरी बंदुका आहेत, म्हणून मी आणि नवऱ्याने घराजवळच्या शूटिंग रेंजवर चार तासांचा क्लास केला. विकत घ्यायची नाहीये, पण कळायला तरी हवं ना.

शिकवणं खरंच मस्त. बंदूक कायम भरलेलीच समजायची, नेम धरून झाल्याशिवाय बोट ट्रिगरवर न्यायचं नाही, हे इतकं घोटून घेतलं की आता घरी ड्रिल मशीन उचलली तरी बोट आपोआप बाहेर राहतं. आणि चुकून गोळी सुटली तर 'ॲक्सिडेंट' म्हणूच देत नाहीत, 'नेग्लिजंट डिस्चार्ज' म्हणायचं, कारण बहुतेक वेळा कुणाचा तरी हलगर्जीपणा असतोच. हे मला फार पटलं. आपण मराठीत 'गोळी सुटली' म्हणतो, म्हणजे जणू तीच स्वतःहून सुटली, आणि पेपरात तर 'मिसफायर होऊन जखमी' छापतात, खरं तर मिसफायर म्हणजे ट्रिगर दाबूनही गोळी न सुटणं!

पण एका आईने विचारलं की मुलीच्या मैत्रिणीकडे असॉल्ट रायफल आहे, तर ती कुलपात आहे का हे त्यांना कसं विचारू? झालं, सर त्या एका शब्दावरच दहा मिनिटं बोलले. एआर-१५ या रायफलीच्या नावातलं एआर म्हणजे असॉल्ट रायफल नाही, आर्मालाइट कंपनीचं नाव आहे, 'मॉडर्न स्पोर्टिंग रायफल' म्हणा. एआरचं बरोबरच आहे. पण 'असॉल्ट वेपन' हा त्याच्या जवळचा शब्द १९९४ च्या फेडरल कायद्यातच होता, तो कायदा २००४ मध्ये संपला, आणि 'मॉडर्न स्पोर्टिंग रायफल' हे नाव बंदूक उद्योगाच्या संघटनेने रुजवलंय, मग एकच शब्द चुकीचा कसा? सायलेन्सर म्हटलं तरी 'सप्रेसर' म्हणून दुरुस्ती, कायद्यात मात्र सायलेन्सरच लिहिलंय. ती बाई बिचारी गप्प बसली, पुन्हा काही विचारलंच नाही तिने. मला खूप वाईट वाटलं, कारण तो प्रश्न माझाही होता.

शेवटी ब्रेकमध्ये मीच दुसऱ्या ट्रेनरला गाठलं, तिने लगेच केबल लॉक दाखवलं, बंदूक रिकामी करून केबल आतून ओवायची म्हणजे गोळी भरताच येत नाही, आणि मित्राच्या आईला ॲलर्जीचं विचारतो तसंच सरळ हेही विचारायचं म्हणाली. जाणार असाल तर कानात फोमचे प्लग आणि वरून इअरमफ दोन्ही घाला, इनडोअर रेंजमध्ये आवाज भयंकर घुमतो, आणि कुलपाचा प्रश्न त्या दुसऱ्या ट्रेनरलाच विचारा.