हिरड्यांतून रक्त येतंय: कडुनिंबाची काडी, मीठपाणी, तिळाचं तेल की सरळ क्लीनिंग?

ब्रश करताना थुंकीत रक्त दिसलं की आपल्याकडं घराघरात वेगळा उपाय निघतो. बीडच्या आत्या मीठ-हळद-तेल चोळा म्हणतात, लातूरचा भाऊ तिळाच्या तेलाची चूळ धरायला सांगतो, शेजारचे काका कडुनिंबाच्या काडीशिवाय दुसरं ऐकूनच घेत नाहीत, आणि गावाकडं अजून कितीतरी बायका मिश्रीनं हिरड्या घट्ट होतात असं मनापासून मानतात. यातलं काय निवडायचं ते बघण्याआधी आपलं दुखणं कुठवर आलंय ते बघा. हिरड्या लाल, सुजलेल्या, ब्रश लागला की रक्त, पण दात घट्ट असतील तर इथून माघारी येता येतं. पण हिरडी दातापासून सुटलीय, तोंडाला वास येतो, दात लांब दिसायलेत किंवा हलायलेत, तर तो पायरिया, म्हणजे आत दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागलंय, आणि झिजलेलं हाड कुठल्या काडीनं किंवा तेलानं भरून येत नाही.

आता उपाय तपासायचा कसा? 1965 साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लोए यांच्या टीमनं 12 धडधाकट लोकांना दात साफ करणं बंद करायला सांगितलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या, आणि परत साफसफाई सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात पूर्ववत झाल्या. म्हणजे मूळ कारण दातावरचा तो चिकट थर, आणि तो रोज नीट निघाला की हिरडी आपोआप सुधारते. म्हणूनच घरगुती उपायांची परीक्षा फसते, कारण नवीन काही सुरू केलं की माणूस त्या दिवसांत दातही जास्त मन लावून घासतो आणि सगळं श्रेय काडीला नाहीतर तेलाला जातं. तर सकाळ-रात्रीचा ब्रश आहे तसाच ठेवा, त्यात एकच गोष्ट वाढवा, दोन-तीन आठवडे द्या, आणि रक्त त्याच जागेवरून येतंय का बघा.

मीठपाणी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बिनधोक. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, चूळ भरायची आणि थुंकायची, बीपीवाल्यांनी गिळायचं नाही. सूज आणि ठणका यानं हलका होतो, पण दातावरचा थर निघत नाही. जाडं मीठ बोटानं हिरडीवर घासणं मात्र बंद करा, त्यानं हिरडी सोलते आणि दात मुळापाशी झिजतो.

कडुनिंबाच्या काडीवर माझा जीव आहे, हे आधीच सांगते. फुकट मिळते, आणि कडुनिंबाच्या अर्काचे माउथवॉश वापरून जे छोटे अभ्यास झालेत त्यांत थर आणि सूज दोन्ही कमी झालेले दिसलेत. पण काडीचं निम्मं काम तिच्या कुंचल्याचं असतं, म्हणून ताजी, करंगळीपेक्षा बारीक काडी घ्या, टोक चावून चांगलं मऊ करा आणि हिरडीकडून दाताच्या टोकाकडं हलकंच फिरवा, आडवं खसाखसा घासू नका. अडचण अशी की मागच्या दाढांच्या आतल्या बाजूला काडी पोचत नाही आणि दातांच्या फटीत तर नाहीच नाही, आणि तिच्यात पेस्टमधलं, दात किडू न देणारं फ्लोराइड नसतं. सकाळी काडी आणि रात्री झोपताना ब्रश-पेस्ट, एवढं जमलं तर काडीला माझी ना नाही. बाभळीच्या काडीलाही हेच लागू.

तेलाच्या चुळीचं खरंच थोडंफार सिद्ध झालंय. 2009 साली छापून आलेल्या एका भारतीय अभ्यासात 20 मुलांवर 10 दिवस तिळाचं तेल आणि क्लोरहेक्सिडीन (मेडिकलमध्ये मिळणारं जंतू मारणारं माउथवॉश) यांची तुलना केली, दोन्हीकडं थर आणि सूज कमी झाली. पण 20 मुलं आणि 10 दिवस, एवढ्यावर पायरिया बरा होतो असं कुणी सांगितलं तर मानू नका. आपल्या घरात करडईचं तेल असतं, पण अभ्यास बहुतेक तिळाच्या नाहीतर खोबरेल तेलाचे आहेत. ठसका लागणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना हे अजिबात करायला लावू नका, तेल फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो.

हळदीचं पाणी 2011 च्या एका अभ्यासात 100 लोकांनी 21 दिवस वापरून बघितलं, सूज क्लोरहेक्सिडीनइतकीच उतरली, थर काढण्यात मात्र क्लोरहेक्सिडीन पुढं राहिलं. ते मेडिकलमधलं क्लोरहेक्सिडीन जोरदार आहे, पण जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि तोंडाची चव जाते, डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस घ्या. लवंगाचं तेल दाताच्या ठणक्यासाठी, हिरडीवर नुसतं लावलं तर चट्टा उठतो. लिंबू चोळणं तर नकोच, आंबटानं दाताचं वरचं कवच विरघळतं.

आणि मिश्री. तव्यावर भाजलेला तंबाखूच आहे तो, आणि ती लावल्यावर रक्त कमी दिसतं ते निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात म्हणून. वरून हिरडी शांत वाटते, आत हाड झिजतच राहतं, वर तोंडाच्या कॅन्सरचा धोका. सरकारनं 1992 सालीच टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केलीय, पण चुलीवर घरीच भाजलेल्या मिश्रीला कोण अडवणार. घरातली आई, मावशी, आजी लावत असेल तर रागावू नका, सोबत बसून 1800-11-2356 या तंबाखू सोडण्याच्या मोफत हेल्पलाइनला फोन लावून द्या.

राहिली क्लीनिंग. थुंकीतल्या कॅल्शियमनं तो थर दगडासारखा टणक झाला की त्याला कीटण म्हणतात, आणि ते वरच्यांपैकी कशानंच निघत नाही, दातांच्या डॉक्टरांकडूनच काढून घ्यावं लागतं. क्लीनिंग केली की दात हलतात ही भीती आपल्याकडं फार आहे. खरं म्हणजे दात आधीच सैल झालेले असतात, कीटणानं ते एकमेकांना धरून ठेवलेले असतात, ते निघाल्यावर जाणवतं एवढंच. खासगीत पैसे जास्त वाटत असतील तर जिल्हा रुग्णालयाची दातांची ओपीडी बघा, नाहीतर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे.

माझ्या हिशोबानं दात घट्ट असतील आणि कीटण दिसत नसेल तर मीठपाणी किंवा काडी, सोबत नीट ब्रश, दोन-तीन आठवडे. तेवढ्यात रक्त थांबलं नाही तर क्लीनिंग. शुगरवाल्यांनी मात्र घरच्या प्रयोगात एक आठवडाही घालवू नये, कारण शुगरनं हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांनी शुगर आवरत नाही. गरोदर बाईलाही हिरड्यांतून रक्त येतं, तिनंही दाखवावं. आणि बीपीची अम्लोडिपिन किंवा फिटची फेनिटॉइन गोळी चालू असताना हिरड्या फुगल्या असतील तर गोळी आपल्या मनानं बंद न करता ती चिठ्ठीच डॉक्टरांना दाखवा.