‘सायकल पूर्ण’ म्हणून विकलेली खाऱ्या पाण्याची टाकी

सोलापुरात कुणी तुम्हाला खाऱ्या पाण्याची टाकी ‘सायकल करूनच ताब्यात देतो’ (म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू आधी टाकीत वाढवूनच) म्हणत असेल, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. माझे चाळीस हजारांच्या आसपास गेले. पैशांपेक्षा जास्त लागलं ते क्लाउनफिशची जोडी डोळ्यांदेखत तडफडून मेली याचं. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, कारण तक्रार करायची आहे. पण फसवण्याची पद्धत सविस्तर लिहितो, ती कुठल्याही दुकानात ओळखता यायला हवी.

गोड्या पाण्यातले मासे मी वर्षानुवर्षं पाळतो. खाऱ्या पाण्याची हौस जुनी, पण समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, म्हणजे पाणीसुद्धा घरीच बनवायचं. दुकानदाराने पॅकेज दिलं: २०० लिटरची टाकी, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), वेव्हमेकर (पाणी खेळतं ठेवणारा पंप), दिवे, कोरडे दगड, मीठ, बॅक्टेरियाची बाटली आणि सायकल पूर्ण होईपर्यंत देखरेख. जुळे सोलापुरात आमच्या घरी त्याच्याच माणसांनी टाकी बसवली. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही आणि बोअरचं पाणी जड, म्हणून आरओचं पाणी साठवून दिलं. मीठ त्यांनी कालवलं, बाटली त्यांनी ओतली. काही दिवसांनी दुकानदार स्वतः पाणी तपासायचं किट घेऊन आला.

दोन नळ्या भरल्या, थेंब टाकले, उजेडाला धरल्या. अमोनियाची नळी पिवळी, नायट्राइटची फिकट निळी. “बघा मालक, दोन्ही झिरो. सायकल झाली. बिनधास्त मासे सोडा.” मी नायट्रेट बघायला सांगितलं. “ते कोरलवाल्यांचं काम, माशांना काय करायचंय,” म्हणाला आणि किट आवरलं.

ते दोन्ही आकडे खरे होते. फसवणूक तिथेच आहे. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू दगडांवर, वाळूत, फिल्टरमध्ये पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे जातात, आणि वाढायला त्यांना अमोनियाच लागतो. माझ्या टाकीत मासे नव्हते, खाणं नव्हतं, बाहेरून अमोनियाही घातला नव्हता. मग शून्याशिवाय दुसरं काय दिसणार? ताटात काही न वाढताच ‘बघा, ताट स्वच्छ’ म्हणण्यासारखं झालं हे. सायकल खरंच झाली असती तर पाण्यात नायट्रेट सापडलं असतं. म्हणूनच तिसरी नळी त्याने भरली नाही.

मासे त्याच्याकडूनच घेतले. पहिले दोन-तीन दिवस बरे गेले. मग खाणं सोडलं, वरच्या पातळीला येऊन कल्ले भराभर हलवायला लागले. तोवर मी मागवलेलं किट कुरिअरने आलं होतं. अमोनियाच्या नळीत पिवळ्याचा स्वच्छ हिरवा रंग आला, म्हणजे सुमारे २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन). नायट्राइट शून्य. नायट्रेटही शून्य, आणि नायट्रेटच्या चाचणीतली दुसऱ्या क्रमांकाच्या द्रावणाची बाटली मी चांगली जोरजोरात हलवून घेतली होती, कारण ती नीट हलवली नाही तर आकडा खोटाच कमी येतो. पीएच ७.४, जिथे समुद्राच्या पाण्याचा ८.१ ते ८.३ असायला हवा.

फोन केला. अमोनियाबद्दल बोलायलाच तो तयार नव्हता. “पीएच पडलाय, पोराकडे पूड देऊन पाठवतो, सगळी घाला.” पोराने येऊन आमच्यासमोर पूड टाकीत ओतली. रात्री पीएच आठच्या वर गेला, सकाळी दोन्ही मासे तळाला पडलेले.

हे का झालं ते समजून घ्या, कारण हा सल्ला फार जणांना दिला जातो. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. पीएच कमी असताना बहुतेक भाग अमोनियम म्हणून असतो, तो तुलनेने निरुपद्रवी. पीएच एका अंकाने वाढला की विषारी भाग जवळपास नऊ-दहा पट होतो. अमोनिया साचलेला असताना झटक्यात पीएच वाढवणं म्हणजे मासे मारणंच. आधी नव्या, योग्य मिठाच्या पाण्याने पाणी बदलून अमोनिया खाली आणायचा असतो. वर्षानुवर्षं हा धंदा करणाऱ्याला हे माहीत नसेल, हे मला पटत नाही. त्याचं उत्तर ठरलेलं होतं: “सोलापूरचा उन्हाळा मानवला नाही. दुसरी जोडी देतो, हजार कमी लावतो.” मासे मरत राहावेत यावरच त्याचा गल्ला चालतो, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

मग मी मिठाकडे वळलो. पीएच इतका पडावाच का? हायड्रोमीटरवर घनता बरोबर १.०२५, म्हणजे समुद्राच्या पाण्याइतकी, येत होती. पण हायड्रोमीटर पाणी किती जड आहे एवढंच सांगतो, कशाने जड झालंय ते सांगत नाही. समुद्राच्या मिठात सोडियम आणि क्लोराइडशिवाय सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि पीएच धरून ठेवणारं बायकार्बोनेट असतं. साध्या मिठात हे जवळजवळ नसतंच. पॅकेजमधलं मीठ सुट्या पिशवीतून आलं होतं, थोडं उरलं होतं. एक सीलबंद मरीन सॉल्टचा (टाकीसाठीच्या समुद्री मिठाचा) पुडा मागवला. दोन स्टीलच्या पातेल्यांत तेच आरओचं पाणी घेतलं, दोन्हीकडे १.०२५ जुळवलं, रात्रभर हवेचा दगड (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा) सोडून ठेवला. सकाळी केएच, म्हणजे त्या बायकार्बोनेटचं माप, मोजला. एकेक थेंब टाकायचा, निळ्याचं पिवळं झालं की थांबायचं, जितके थेंब तितका केएच. दुकानाच्या मिठाचं पाणी तिसऱ्या थेंबाला पिवळं झालं. सीलबंद पुड्याचं नवव्या थेंबाला. माझा निष्कर्ष साफ आहे: थोडं खरं मरीन सॉल्ट, बाकी बाजारातलं स्वस्त मीठ.

बॅक्टेरियाच्या रिकाम्या बाटलीवर किमतीचा स्टिकर होता. नखाने हळूहळू सोलला, तर खाली मुदतीची तारीख, केव्हाच उलटून गेलेली. शिवाय या बाटल्या दुकानाच्या दर्शनी काचेत, उन्हात मांडलेल्या मी पाहिल्या आहेत. इथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. नायट्रिफाय करणारे हे जिवाणू बीजाणू धरून टिकत नाहीत, अशा उष्णतेत ते मरतात.

पुढच्या पॅकेजमध्ये तो मला कोरलचा तुकडा आणि समुद्री घोडाही देणार होता. प्रवाळ आणि समुद्री घोड्यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षण आहे. असं कुणी विकत असेल तर हात लावू नका, गुन्हा घेणाऱ्याच्याही अंगाशी येतो.

सायकल झाली की नाही हे तुम्हीच तपासा, त्याच्या किटने नाही, तुमच्या. शुद्ध अमोनियम क्लोराइड घ्या. कल्हईवाल्याचा नवसागर तोच पदार्थ असला तरी भेसळीचा असतो, प्रयोगशाळेच्या दर्जाचं हवं. २०० लिटरला सव्वा ग्रॅमच्या आसपास घातलं की अमोनिया २ पीपीएम होतो. दुकानदाराच्या समोर घाला आणि २४ तासांनी मोजा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट सुमारे ७ पीपीएमने वाढलं, तर टाकी तयार. जो विक्रेता ही चाचणी करू देत नाही, त्याच्याकडून टाकी घेऊ नका. मिठाचा पुडा तुमच्यासमोर फुटला पाहिजे. बाटलीवरची तारीख स्टिकर काढून वाचा.

आणि पक्कं बिल घ्या. मला त्याने नुसती चिठ्ठी दिली होती, पण ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद, फोनवरचे मेसेज, स्टिकर सोललेल्या बाटलीचे आणि चाचणीच्या नळ्यांचे फोटो मी जपून ठेवलेत. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीत बोलता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे. अशाच पॅकेजमध्ये आणखी कुणाचे मासे गेले असतील तर मला कळवा, तक्रार एकत्र करू. नुकतीच टाकी लावली असेल आणि अजून मासे सोडले नसतील, तर थांबा. शहरात कुठेही असा, मी किट घेऊन येतो, नायट्रेट तुमच्यासमोर मोजून दाखवतो.