व्हेंच्युरी, ईसी मीटर, टेन्शिओमीटर: ठिबकवर खत-पाणी मोजायला आधी काय घ्यावं?

ठिबकचा संच घेताना व्हेंच्युरी, म्हणजे लाईनमध्ये खत ओढणारी नळी, बहुतेक वेळा न मागताच पदरात पडते. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा ईसी मीटर मागावा लागतो आणि मातीचा ओलावा सांगणारा टेन्शिओमीटर म्हटलं की दुकानदार ‘मागवून देतो’ म्हणतो. कोल्हापूर, हातकणंगले, जयसिंगपूर, कुठंही जा, क्रम हाच. आमच्या मते तो चुकीचा आहे. पहिला पैसा ईसी मीटरवर घालावा, व्हेंच्युरी नीट बसवून घ्यावी आणि टेन्शिओमीटर रानाची माती बघून ठरवावा.

खालचे आकडे दहा गुंठ्यांच्या ढोबळी मिरचीच्या पॉलीहाऊसचे धरले आहेत. साधारण ६०० मीटर बेड, प्रत्येक बेडवर दोन लॅटरल (ठिबकच्या नळ्या), ३० सेंटिमीटरवर ताशी २ लिटरचा ड्रीपर. म्हणजे चार हजार ड्रीपर आणि तासाला ८,००० लिटर पाणी. उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज ४ लिटर धरले तर मोटर जेमतेम अर्धा तास चालते. पावसाळ्यात आभाळ धरून राहिलं की त्याच्या पाव हिश्श्यावर भागतं. उसाच्या पाळीची सवय असलेल्या माणसाला हे फार थोडं वाटतं, आणि तिथूनच ‘अजून जरा चालू दे’ सुरू होतं. जास्तीच्या पाण्याबरोबर नत्र मुळाच्या खाली निघून जातो. पिवळेपणा दिसला की पुन्हा खताचा डोस वाढतो.

व्हेंच्युरी म्हणजे मध्ये गळा आवळलेली प्लॅस्टिकची नळी. पाणी त्या गळ्यातून जोरात जातं, तिथला दाब पडतो आणि बाजूच्या नळीतून खताचं पाणी ओढलं जातं. वीज लागत नाही, बिघडण्यासारखं आत काही नाही. पण ओढ लागायला आत-बाहेरच्या दाबात किमान एक तृतीयांशाचा फरक पडावा लागतो. आत २ किलो (चौरस सेंटिमीटरला) दाब असेल तर बाहेर १.३ च्या खालीच. त्यामुळे व्हेंच्युरी मेन लाईनला समांतर जोडायची आणि मेनवरचा व्हॉल्व्ह ओढ लागेपर्यंत हळूहळू आवळायचा. दोन्ही बाजूंना प्रेशर गेज हवेत. दुकानदार हीच दोन गेज पैसे वाचवायला गाळतो, मग व्हॉल्व्ह किती आवळायचा हे अंदाजपंचे चालतं.

जागा वाळूच्या फिल्टरनंतर आणि जाळीच्या फिल्टरच्या आधी. म्हणजे न विरघळलेला खताचा चोथा जाळीवर अडकतो, ड्रीपरमध्ये जात नाही. पावसाळ्यात नदीवरच्या लिफ्टचं पाणी गढूळ येतं, तेव्हा नुसत्या जाळीवर भागत नाही. जाळीच्या दोन्ही बाजूंच्या दाबात अर्धा किलोचा फरक दिसला की मोटर बंद करून ती धुवायची.

आकाराच्या बाबतीत ‘मोठी घ्या, लवकर ओढेल’ हा सल्ला ऐकू नये. मोठ्या व्हेंच्युरीला तेवढं पाणी आणि दाब मागून मिळाला नाही तर ती ओढतच नाही. इथं पाऊण इंची पुरते. ओढ मोजायची सोपी रीत: सक्शनची नळी १० लिटर साध्या पाण्याच्या बादलीत सोडा आणि मोबाईलवर वेळ लावा. दहा मिनिटांत बादली रिकामी झाली तर ओढ तासाला ६० लिटर. मग १५ लिटर पाण्यात दीड किलो खत कालवलं तर ते पंधरा मिनिटांत जातं आणि लाईनमधल्या पाण्यात लिटरला पाऊण ग्रॅम पडतं.

कालवताना मात्र खत बघून पाणी घ्यावं. १२:६१:०० आणि १३:००:४५ (आकडे नत्र, स्फुरद, पालाशच्या टक्क्यांचे) त्या १५ लिटरमध्ये बसतात. १३:००:४५ विरघळताना बादली हाताला गार लागते, पाणीच थंड होत असल्यामुळे ते सावकाश विरघळतं. ०:०:५० ची गोष्ट वेगळी: २० अंशाच्या लिटरभर पाण्यात ते जेमतेम ११० ग्रॅम विरघळतं. थंडीच्या सकाळी दीड किलो १५ लिटरमध्ये टाकलं तर तळाशी पांढरा थर राहतोच, त्याला पाणी दुप्पट घ्यावं. आणि कॅल्शियम नायट्रेट कधीही फॉस्फेट किंवा सल्फेटच्या खताबरोबर एका बादलीत नको. दुधासारखं पाणी झालं तर तो कॅल्शियम फॉस्फेट किंवा जिप्समचा साका समजा, तो ड्रीपरमध्ये बसतो. वेगळा दिवस, वेगळी बादली.

एक गोष्ट बहुतेक जोडण्यांत राहून जाते: पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह. खत सोडताना लाईट गेली की मेन लाईन उलटी रिकामी होते आणि खताचं पाणी थेट विहिरीत किंवा बोअरमध्ये उतरतं. रात्रपाळीच्या लाईटवर ऑटो स्टार्टरच्या भरवशावर मोटर सोडून झोपणाऱ्यांनी तर हा व्हॉल्व्ह आधी बसवावा, बाकीचं नंतर.

आता ईसी मीटर. खिशात मावणारा साधा मीटर १९:१९:१९ च्या २५ किलोच्या बॅगेपेक्षा स्वस्त मिळतो. घेताना तो ईसीच दाखवतो ना, हे बघा. फिल्टरच्या पाण्यासाठी विकतात तो टीडीएस पेन नको, कारण कुणी ईसीला ५०० नं गुणतो, कुणी ७०० नं. पेनवर ७०० आलं तर खरा ईसी १.४ की १.० (मिलीसिमेन्स प्रति सेंटिमीटर), हे कळायला मार्ग नाही. तापमानाची आपोआप दुरुस्ती हवी, नाहीतर दर अंशाला साधारण दोन टक्के चूक धरा. सोबत १.४१३ ची कॅलिब्रेशन पुडी मागा. ती पुडी नसेल तर तो मीटर परत ठेवा.

पहिलं माप खत न घातलेल्या पाण्याचं. ईसी ०.७ च्या आत असेल तर निश्चिंत. शिरोळच्या क्षारपड पट्ट्यातलं बोअर १.५ दाखवत असेल तर खतासाठी जागाच उरत नाही. ढोबळीला खतासकट १.५ ते २ च्या आसपास ठेवायचं असतं. बहुतेक विद्राव्य खतं लिटरला एक ग्रॅम पडली की ईसी एकच्या आसपास वाढतो, १२:६१ ला जरा कमी, १३:००:४५ ला जास्त. युरिया मात्र मीटरला दिसत नाही, विरघळूनही ईसी तोच राहतो. युरियाच्या दिवशी मीटरवर विसंबू नये.

मीटरचा खरा उपयोग टाकीत नाही, शेवटच्या बेडच्या शेवटच्या ड्रीपरखाली आहे. खत ओढायला लागलं की दर मिनिटाला तिथं वाटीत पाणी धरून मापा. ईसी सातव्या मिनिटाला चढला तर खत तिथं पोचायला सात मिनिटं लागतात, आणि शेवटी साधं पाणीही निदान तेवढं चालवावं लागतं. अर्ध्या तासाचा हिशोब मग असा: सात मिनिटं पाणी, पंधरा खत, आठ पुन्हा पाणी. पावसाळ्यात मोटर आठच मिनिटं चालत असेल तर रोज खत सोडण्यात अर्थ नाही, ते पहिल्या बेडांतच राहतं. दोन-तीन दिवसांचं पाणी एकदम देऊन त्यात सोडावं.

दहा गुंठ्यांत ईसी-पीएच बघून आपोआप डोस देणारं युनिट महाग पडतं. त्यातला पीएच प्रोब कोरडा पडला की गेला, हे विकणारा सांगत नाही.

टेन्शिओमीटर वाफसा मोजतो. पाण्यानं भरलेली नळी, खाली मातीचा सच्छिद्र कप, वर गेज. एक १५ सेंटिमीटरवर, दुसरा ३० वर. तांबडी माती, शेणखत, भाताचं तूस घातलेल्या बेडमध्ये तो चोख काम करतो: माती जेवढी कोरडी तेवढा गेजचा आकडा मोठा, वरचा १५ ते २० सेंटीबारवर आला की पाणी द्यायचं. खालचा कायम १० च्या आत असेल तर पाणी मुळाखाली चाललंय. नळीत उकळून गार केलेलंच पाणी भरावं, नाहीतर बुडबुडे धरून काटा खोटा बोलतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे ८० च्या पुढच्या आकड्याला किंमत नाही.

उघड्या काळ्या रानात मात्र घेऊ नये. माती वाळताना भेगा पडतात, कपाभोवतीची माती सुटते आणि रान सुकलं तरी काटा हलत नाही. तिथं जिप्सम ब्लॉकच्या जातीचा सेन्सर बरा. पीक काढल्यावर कप ब्रशनं धुऊन वाळवून ठेवा. खताचे क्षार छिद्रांत सुकले तर पुढच्या हंगामात तो पाणी सोडायलाच तयार होत नाही.