बीएमडब्ल्यू ७३० एलडी: दोन पावसाळ्यांनंतर तिचं दिसणं

गाडी २००८ ची. बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीज, लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जास्त असलेली) ७३० एलडी, रंग चंदेरी. जाणकार तिला ई६६ म्हणतात, आखूड व्हीलबेसची ती ई६५. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर गोव्यात फोंड्याला आणली, आता दुसरा पावसाळा सरत आलाय. अ‍ॅव्हरेज, सर्व्हिसिंग, पार्ट यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, ते मी त्यांच्यावर सोडतो. ही गाडी मी तिच्या दिसण्यासाठी घेतली आणि लिहायचंय तेही दिसण्याबद्दलच. ज्या रूपावरून तिला जगभर शिव्या बसल्या, ते रूप रोज दारात उभं असलं की कसं वाटतं, हे घेण्याआधी मला कुठे नीट वाचायला मिळालं नव्हतं.

ज्यांना तो वाद आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ख्रिस बँगल हे अमेरिकन डिझायनर १९९२ साली बीएमडब्ल्यूच्या डिझाइनचे प्रमुख झाले. २००१ मध्ये ही सेव्हन आली. बाहेरचं रूप एड्रियन व्हॅन हूयडोंक यांनी काढलेलं, पण शिव्या खाल्ल्या त्या बँगलनी. आधीची ई३८ सेव्हन बुटकी, सडपातळ आणि सगळ्यांची लाडकी होती. तिच्या जागी ही उंच, भरदार गाडी आली. हेडलाइटवर भुवयांसारखे इंडिकेटर, आणि मागे डिकीचं झाकण बाजूच्या पत्र्यात मिसळून न जाता त्याच्यावर वेगळं ठेवल्यासारखं. ‘बँगल बट’, म्हणजे बँगलचं ढुंगण, हे नाव तेव्हा पडलं ते अजून चिकटलेलं आहे. बँगलना काढून टाका म्हणून इंटरनेटवर हजारोंनी सह्या केल्या. तरीही या पिढीचा खप तोवरच्या कुठल्याही सेव्हनपेक्षा जास्त झाला.

आमचा फर्निचरचा धंदा. कपाटाचं दार चौकटीत बसवायचं की चौकटीवर, हा प्रश्न आमच्याकडे रोजचा. त्यामुळे डिकीकडे मी त्याच नजरेने बघितलं. गाडीची उंची ई३८ पेक्षा पाच-सहा सेंटिमीटरने वाढवली, कारण आतला माणूस ताठ आणि ऐसपैस बसायला हवा होता. उंची वाढली की शेपूटही वर घ्यावी लागते, शिवाय पाचशे लिटरची डिकी हवी. बाजूचा पत्राही तेवढाच वर नेला असता तर मागचं चाक खाली दबलेलं दिसलं असतं आणि कुशीचा पत्रा भिंतीसारखा वाटला असता. इथे खांद्याची रेघ, म्हणजे बाजूच्या पत्र्यावरची आडवी धार, खालीच ठेवली आहे आणि वाढलेली उंची एकट्या झाकणाने उचलली आहे. म्हणजे झाकण चौकटीवर बसवलंय. हे एकदा ध्यानात आलं की ते झाकण मला विचित्र दिसेनासं झालं, उलट बरोबर वाटायला लागलं.

ते बरोबर दिसायला उजेड मात्र बरोबर लागतो. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर गाडी उभी केली की ऊन डोक्यावरून सरळ पडतं, झाकणाच्या कडेखाली काळी जाड सावली धरते आणि चंदेरी रंगात ती आणखीच उठून दिसते. त्या वेळी टीकाकारांचं म्हणणं पटावं अशीच ती दिसते. जूनमध्ये आभाळ भरून आलं की सगळं बदलतं. उजेड चहूबाजूंनी मऊ येतो, सावली दोऱ्याएवढी उरते आणि झाकण अंगाशी येतं. पावसात तर बघत राहावं. पाणी झाकणावरून घरंगळत कडेशी येतं, क्षणभर तिथे मण्यांसारखं अडतं आणि मग फटीतून दिव्यांच्या बाजूने खाली उतरतं. गोव्यातला पावसाळा या गाडीला मानवतो, असं मी अगदी मनापासून म्हणतो.

दुसरी गोष्ट नजरेच्या उंचीची. छापून आलेले बरेचसे फोटो गुडघ्याच्या उंचीवरून, मागच्या कोपऱ्यातून काढलेले असतात. तिथून झाकणाची फक्त कड दिसते, आणि सगळा आक्षेप त्या कडेवरच आहे. उभ्या माणसाला झाकणाचा वरचा पृष्ठभाग दिसतो. तो रुंद आहे, मधोमध किंचित फुगलेला, आणि मागच्या काचेखालून सलग वाहत येतो. फोटोवरून या गाडीबद्दल मत करून घेतलेल्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे की एकदा तिच्या मागे उभे राहून बघा.

लांब व्हीलबेसचाही इथे मोठा हात आहे. ई६५ पेक्षा ई६६ चा व्हीलबेस १४ सेंटिमीटर जास्त, आणि ती सगळी वाढ मागच्या दरवाज्यात आहे. त्यामुळे मधला भाग लांबतो आणि डिकीचं वजन पेललं जातं. आखूड गाडीत डिकी जास्त अंगावर येते. पणजीतल्या फोन्तेन्हासच्या अरुंद गल्ल्यांतून पाच मीटरहून लांब गाडी नेणं जिवावर येतं खरं, पण तिथल्या पिवळ्या आणि निळ्या भिंती त्या लांब दरवाज्यांवरून सरकताना दिसतात तेव्हा पत्र्याला किती हलका बाक दिलाय ते कळतं. फोटोत हा बाक सपाटच दिसतो.

आमच्याकडची मातीही तिची परीक्षा घेते. लाल धूळ झाकणाच्या कडेखालच्या खोबणीत बसते. रोज फडकं मारणाऱ्याच्या ती हाताला येत नाही, कारण फडकं वरून जातं. पाण्याच्या धारेने आधी धूळ सोडवायची, मग हात लावायचा, हे मी आता सगळ्यांना सांगतो. कोरड्या फडक्याने घासली तर दर आठवड्याला बारीक ओरखडे वाढतात. तशी ओरखड्यांची जाळी या वयाच्या बहुतेक गाड्यांवर दिसते आणि लोक म्हणतात, डिझाइन जुनं झालं. जुनी झालेली असते ती वरची चकाकी. हेडलाइटचंही तसंच. पॉलिकार्बोनेटची काच उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळी पडते, आणि डोळे पिवळे पडले की चांगला चेहराही आजारी दिसतो. काचा पॉलिश करून वर संरक्षक थर दिल्यापासून पुढचा भाग पाच वर्षं तरुण दिसतोय.

पॉलिशवरून एक सावधगिरी. सुरुवातीला एका डिटेलिंगवाल्याने मशीन फिरवताना डावीकडच्या खांद्याच्या रेघेवर जोर दिला आणि धारेवरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, उडवला. मग बोरीच्या रस्त्यावरच्या एका जुन्या पेंटरकडे गेलो. सगळे त्याला मेस्त, म्हणजे कारागीर, म्हणतात. गाडी बघून त्याने आधी विचारलं, “बाब, हिच्या फाटीर कुबड कित्याक?” (हिच्या पाठीवर कुबड कशाला?) मग डोळे मिटून तळहात पत्र्यावरून पुढे-मागे फिरवला, चार बोटं रेघेच्या वर, अंगठा खाली. त्याने समजावलं ते असं: धारेवर रंग मुळातच पातळ बसतो, म्हणून धार असलेली गाडी नेहमी धारेवरच आधी म्हातारी होते. तिथे मशीन लावायचं नाही, हाताने घासायचं, आणि पुट्टी तर मुळीच नको, कारण पुट्टीने धार बोथट होते आणि मग ती रेघ परत मिळत नाही. काम त्याने सावकाश केलं आणि रेघ होती तशी राखली. मला विचाराल तर या गाडीचं वय तिच्या धारांवर मोजावं. धारा शाबूत असतील तर ती आजची वाटते. एका जरी दरवाज्यावर पुट्टीने धार मऊ झाली असेल तर सगळी बाजू ढिली दिसते.

माझी गाडी २००५ च्या फेसलिफ्टनंतरची, म्हणजे त्याच पिढीचं रूप मध्येच थोडं बदललं त्यानंतरची. टीकेनंतर कंपनीने दिवे आणि डिकी दोन्ही मवाळ केली. म्हापशाच्या एका मित्राकडे फेसलिफ्टआधीची ७४५ आहे. दोन्ही शेजारी उभ्या केल्या की सुरुवातीला सगळे माझी पसंत करतात. मलाही तसंच वाटायचं. आता माझी नजर त्याच्या गाडीवर जास्त रेंगाळते. पहिल्या रूपात भुवया, डोळे, डिकी सगळं एकाच निश्चयाने काढलेलं आहे. फेसलिफ्ट देखणी आहे, पण तिच्यात कुणाची तरी समजूत काढल्याचा भाव आहे. वीस वर्षांनंतर ठाम माणसाचं काम जास्त टिकलेलं दिसतं, आणि हे मी स्वतःच्या गाडीच्या विरोधात लिहितोय.

आतल्या भागाबद्दल फार लिहीत नाही. आयड्राइव्हची, म्हणजे पडद्यावरचं सगळं चालवणारी, गोल खुंटी, स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा, बटणाचा पार्किंग ब्रेक या सगळ्याची तेव्हा चेष्टा झाली होती. पुढे ऑडी आणि मर्सिडीजनेही मधोमध तशीच खुंटी आणली, आणि मर्सिडीजच्या २००५ च्या एस क्लासमध्ये गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ गेला. त्या एस क्लासची चाकांवरची फुगीर कमान आणि मागची डिकी बघताना मला हीच सेव्हन आठवते. लाकूड, चामडं, दोन फुगवट्यांचा डॅशबोर्ड आजही उमदा वाटतो. वय दिसतं ते फक्त पडद्यावर. कुठल्याही गाडीचा पडदा तिच्या पत्र्याआधी म्हातारा होतो.

२०२२ ची नवी सेव्हन अलीकडे पणजीत अधूनमधून दिसते. दुभागलेले हेडलाइट, तोंडावर केवढी मोठी जाळी, आणि लोकांच्या तोंडी पुन्हा तेच शब्द. ही गाडी आली तेव्हा बीएमडब्ल्यू समूहाच्या डिझाइनचे प्रमुख होते व्हॅन हूयडोंकच, म्हणजे माझ्या गाडीचं रूप काढणारा माणूस. मला ती जाळी अजून आवडत नाही. डिकीची उंची कशासाठी वाढली हे मी बोट ठेवून दाखवू शकतो, त्या जाळीचं कारण मला गाडीच्या अंगात कुठे सापडत नाही. तिच्या इलेक्ट्रिक रूपाला, आय७ ला, तर एवढ्या मोठ्या तोंडाची हवेसाठी गरजही नाही. वादग्रस्त रूप कालांतराने आपोआप सुंदर होतं असं मी मानत नाही. ज्या आकाराला आतून कारण असतं तोच डोळ्यांत मुरतो, आणि या कसोटीवर नव्या सेव्हनचे दरवाजे आणि बाजू मला पास वाटतात, तोंड नाही.

कुणी ई६५ किंवा ई६६ बघायला जाणार असाल तर ढगाळ सकाळ गाठा. काळ्या रंगात डिकीची कड लपते, त्यामुळे हे रूप आवडतं की नाही ते ठरवायला चंदेरी किंवा फिका रंगच बघा. दिव्यांना काळी फिल्म लावलेली असेल तर ती काढून दाखवायला सांगा. मग झाकण बंद करून दोन्ही बाजूंची फट बोटाने तपासा, डावी-उजवी सारखी हवी. कमी-जास्त असेल तर मागून ठोकर बसलेली असण्याची शक्यता आहे, आणि या गाडीत मागचा पत्रा नीट जुळवून देणारा मेस्त मिळेपर्यंत पैसे देऊ नका.