दुखणारी की पेनलेस? थोरलीला एक आणि धाकट्याला दुसरी देऊन झाल्यावर

मागच्या महिन्यात चुलतभावाला मुलगा झाला. सहावा आठवडा लागायच्या आतच त्याचा फोन, "दादा, ट्रिपल कुठली देऊ, साधी की पेनलेस? आणि सरकारीत नेऊ का प्रायव्हेटला?" ट्रिपल म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिघांवरची बाळाची एकत्र लस. त्याला पाऊण तास जे सांगितलं तेच इथे टाईप करतोय. हा प्रश्न मला दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी विचारतंच आणि दरवेळी सांगताना काहीतरी राहून जातं.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. दोन पोरांचा बाप आहे. थोरलीचं लसीकरण प्रायव्हेटला पेनलेसने सुरू केलं, धाकट्याचं पहिल्या दिवसापासून महापालिकेच्या दवाखान्यात, तिथली साधी पेंटा. म्हणजे दोन्हीकडच्या बाकड्यांवर बसून झालंय. तुमच्या बाळाला काही वेगळा त्रास असेल तर तुमचे डॉक्टर सांगतील ते खरं, माझं नाही.

साधी असो की पेनलेस, तीन रोग तेच; पेंटा म्हणजे ट्रिपलमध्येच हिपॅटायटिस बी आणि हिब (मेंदूज्वर-न्यूमोनियाचा एक जंतू) यांची भर. भांडण सगळं डांग्या खोकल्याच्या भागावरून आहे. साध्या लसीत तो जंतू मारून अख्खाच्या अख्खा घातलेला असतो, पेनलेसमध्ये त्याचे निवडक दोन ते पाच घटक. अख्खा जंतू आत गेला की शरीर जास्त खवळतं, म्हणून ताप, म्हणून मांडीला सूज. बाकी पेनलेस हे नाव ज्याने कुणी काढलं त्याला कोपरापासून नमस्कार. सुई तेवढीच असते आणि टोचताना पोरगी तेवढीच किंचाळते. पेनलेस असते ती रात्र.

आणि ती रात्र खरंच पेनलेस असते, ते नाकारत नाही. थोरलीला पहिल्या दोन डोसना ताप असा आलाच नाही, जरा किरकिर केली, दूध प्यायली, झोपली. धाकट्याच्या पहिल्या पेंटाला संध्याकाळी सहापासून अंग तापायला लागलं, थर्मामीटर 101.8, डावी मांडी टम्म, पाय हलवला की कळवळायचा. रात्री अडीच वाजता बायकोने त्याला माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "सरकारीत तूच नेलंस ना, आता तूच घे." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोरगं हसत होतं, पण मांडीत सुपारीएवढी गाठ राहिली ती जवळजवळ तीन आठवडे. सासूबाईंनी त्या गाठीसाठी सुचवलेले उपाय इथे लिहीत नाही. सिस्टरने सांगितलं होतं चोळायचं नाही, शेकायचं नाही, काही लावायचं नाही. आम्ही काही केलं नाही आणि ती विरली.

म्हणजे त्रासाच्या बाबतीत पेनलेस पुढे, वादच नाही. पैशाच्या बाबतीत दवाखाना पुढे, तोही वाद नाही. माझं प्रायव्हेटचं एका भेटीचं बिल रोटा (जुलाबाची लस) आणि न्यूमोकोकल (न्यूमोनियाची लस) धरून दहा हजाराच्या घरात गेलं होतं, दवाखान्यात याच सगळ्याला शून्य. न्यूमोकोकल 2021 पासून सरकारी वेळापत्रकात सगळीकडे आली, त्यामुळे "सरकारीत मोजक्याच लसी असतात" हे जुनं झालं. पण खरं सांगू का, पैशासाठी मी बदललं नाही. पहिल्या पोराच्या वेळी आपण पैसे मोजत नसतो, मोजले तर घरचे मोजू देत नाहीत.

बदललं ते एका पेन्सिलीपायी.

थोरलीचा चौदा आठवड्यांचा तिसरा डोस होता. आदल्या दिवशी क्लिनिकला फोन केला तर रिसेप्शनची मुलगी म्हणाली, "सर, तो ब्रँड शॉर्ट आहे, सोमवारी फोन करा." सोमवारी केला, गुरुवारी करा. गुरुवारी, "डिस्ट्रिब्युटरकडेच नाहीये सर." मग दुसरा ब्रँड द्या म्हटलं, तर सुरुवात ज्या कंपनीच्या लसीने केली तीच शक्यतो पुढे द्यावी, थांबू या थोडं. एकदा तर आलाय म्हणून बोलावलं, अर्धा दिवस सुट्टी टाकून, बाळ, बॅग, दुपटी सगळं घेऊन पोचलो तर दोनच आले होते आणि ते सकाळी संपले होते. दरवेळी ती मुलगी फाईलमध्ये पेन्सिलने नवी तारीख लिहायची आणि जुनी खोडायची. चौथ्या वेळेपर्यंत त्या चौकोनातला कागद इतका झिजला होता की मागच्या पानावरचं वजनाचं कोष्टक दिसायला लागलं होतं. पाच आठवडे गेले असे. ब्रँड बदलला तरी चालतं पण डोस लांबवू नये, हे मला फार नंतर कळलं. कुणी तेव्हा सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच पाच आठवड्यांत आमच्या मजल्यावरच्या एका आजोबांना खोकला लागला, महिना झाला तरी हटेना. तो डांग्या होता की नुसताच खोकला होता देव जाणे, पण रात्री भिंतीपलीकडून तो ऐकताना माझ्या डोक्यात एकच, हिचा तिसरा डोस झालेला नाही. डांग्या खोकला मोठ्यांना नुसता छळतो, जिवावर उठतो तो तान्ह्या बाळाच्या. आमची आजी सांगायची, पोराला खोकल्याची ढास लागली की शेवटी श्वास आत ओढताना तो आवाज यायचा, कोंबडं आरवल्यासारखा, आणि पोर निळं पडायचं. तिच्या पाठच्या एका भावाला तिने तसं बघितलं होतं.

शेवटी वहिनीच म्हणाली, तिचं माहेर तिकडेच दवाखान्याजवळ, "भाऊजी, बुधवारी जाऊन या ना, कशाला एवढं." गेलो. टोकन नाही, एसी नाही, पंख्याखाली तीसेक बायका, कडेवर बाळं, कुणाचा नंबर कुठला पत्ता नाही आणि मी एकटा बाप्या. दोन तास गेले. पण सिस्टरने फाईल बघितली, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाली, "एवढे दिवस काय करत होता?" लाज वाटली आणि बरंही वाटलं, कारण पाच आठवड्यांत हा प्रश्न विचारणारी ती पहिलीच. थोरलीचा तिसरा डोस साध्या पेंटाचा झाला. त्या झिजलेल्या चौकोनात सिस्टरने निळ्या बॉलपेनने तारीख लिहिली, दाबून, कागद फाटतो की काय असं वाटलं.

तिथे आणखी एक गोष्ट बघायला मिळाली. मी उगाच शहाणपणा करत विचारलं की लाईट गेल्यावर लस खराब नाही का होत. सिस्टरने वाईल, म्हणजे लसीची छोटी बाटली, खिडकीकडे धरली. लेबलवर एक जांभळट गोल आणि त्याच्या आत फिकट चौकोन. "हा चौकोन गोलाएवढा गडद झाला की फेकायची, अजून फिका आहे, दिसतंय ना?" उष्णता लागेल तसा तो चौकोन गडद होत जातो आणि परत फिका होत नाही. पुढे वाईल उघडल्याची तारीखही लिहिलेली, कारण दहा डोसची ही पेंटाची वाईल नीट ठेवली तर उघडल्यावर 28 दिवस चालते. प्रायव्हेटचा फ्रीज खराब होता असं मी म्हणत नाही, असेलही उत्तम, मला कधी कुणी दाखवला नाही आणि मीही कधी विचारलं नाही एवढंच.

आता सुरक्षिततेचं. साधी लस म्हणजे जुनाट, धोकादायक, गरिबांची, असं एक मत आमच्या सोसायटीत ठाम आहे. ताप जवळजवळ निम्म्या पोरांना येतो हे खरं. 1981 च्या एका अमेरिकन अभ्यासात साधारण 1750 डोसमागे एका बाळाला फिटचा झटका आल्याची नोंद आहे, तेही खरं. म्हणून ज्या बाळाला आधी झटके आलेत किंवा मागच्या डोसला जोरदार रिअ‍ॅक्शन आलीय तिथे डॉक्टर पेनलेसकडे वळतात, आणि तिथे मी गप्प बसेन. पण ही पेनलेस मुळात आली कुठून ते वाचलं तेव्हा मी जरा सावध झालो. जपानमध्ये 1974-75 च्या हिवाळ्यात साध्या ट्रिपलनंतर दोन बाळं दगावली, लोक घाबरले, सरकारने लस काही काळ थांबवली आणि नंतर दोन वर्षांच्या पुढे ढकलली. आयांनी पोरं आणणंच सोडलं. 1974 मध्ये तिथे डांग्या खोकल्याच्या चारशेच्या आसपास केसेस होत्या, 1979 मध्ये तेरा हजारांवर गेल्या आणि 41 जण मेले. त्या धक्क्यातून 1981 मध्ये ही सौम्य लस आली.

म्हणजे पेनलेस वाईट नाहीच, पळालेल्या आईबापांना परत आणायला ती कामाला आली. फक्त तिचा जोर लवकर ओसरतो. अमेरिकेने 1997 मध्ये बाळांसाठी साधी बंद करून सगळं पेनलेसवर नेलं. 2010 मध्ये कॅलिफोर्नियात डांग्या खोकल्याच्या नऊ हजारांवर केसेस झाल्या आणि दहा तान्ही बाळं गेली. मग 2012 च्या अभ्यासात दिसलं की पाचव्या डोसनंतर दर वर्षी हा खोकला होण्याची शक्यता साधारण 42 टक्क्यांनी वाढत जाते. तिकडे पैसा आहे, मोठेपणी आणि गरोदरपणात बूस्टर देतात, चालून जातं. आपल्याकडे दहावीतला पोरगा बूस्टर घ्यायला जातो का? आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही काही वर्षांपूर्वी पहिल्या तीन डोसना साधीच बरी असं लिहिलं होतं. पुढे भूमिका थोडी सैल झाली असं कानावर आहे, म्हणून तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा. कुठली देणार यापेक्षा का देणार ते विचारा.

सरकारी बाजूला पण डाग आहेत, उगाच आरती ओवाळत नाही. 2021 च्या जानेवारीत यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या थेंबांऐवजी बारा पोरांना सॅनिटायझर पाजलं होतं, आठवत असेल. तेव्हापासून मी वाईलवरचं नाव वाचल्याशिवाय पोराचं तोंड उघडू देत नाही आणि सिस्टर चिडत नाहीत, उलट दाखवतात. गोवर-रुबेलाच्या वेळी "अजून दोन पोरं येऊ दे, मग वाईल फोडते" म्हणून तासभर बसवलं, कारण ती उघडल्यावर चार तासांत संपवावी लागते. आणि सरकारी लसीत गोवर-रुबेला आहे पण गालगुंड नाही. म्हणून आम्ही गालगुंड, कांजिण्या आणि टायफॉईड नंतर प्रायव्हेटलाच घेतले. तिथे ब्रँडचा घोळ झाला नाही, डॉक्टरही चांगले आहेत, अजूनही ताप आला की त्यांच्याकडेच जातो.

तिसरा पर्याय मांडणारे एक काका आमच्याकडे आहेतच, काहीच नको, गोवर येऊन गेलेला बरा, शरीर आपोआप घट्ट होतं, आणि हा आमचा हक्क आहे. हक्काचं त्यांचं अगदीच चूक नाही. 2 मे 2022 ला सुप्रीम कोर्टाने कोविड लसीच्या खटल्यात सांगितलं की कुणाच्या अंगात जबरदस्तीने लस टोचता येणार नाही. लोकलला डबल डोसची अट होती त्या काळात मीही चरफडलो होतो, आणि 2024 मध्ये कोविशिल्डच्या रक्ताच्या गुठळ्यांची बातमी आली तेव्हा या काकांनी मला एका दिवसात अकरा फॉरवर्ड पाठवले. पण त्याच निकालात कोर्टाने हेही म्हटलंय की समाजाच्या आरोग्यासाठी सरकार काही वाजवी बंधनं घालू शकतं, आणि रिअ‍ॅक्शनची माहिती लोकांसमोर ठेवा. मला हे दुसरं जास्त आवडलं, माहिती द्या म्हणजे आम्ही ठरवू. काका स्वतःच्या दंडाबद्दल बोलत असतील तर त्यांचं ते बघतील, पण दीड महिन्याचं पोर कुठे काय ठरवतंय, ठरवणार आपणच आणि भोगणार ते. गोवंडीत 2022 च्या शेवटी गोवराने पोरं गेली, त्यातल्या बहुतेकांना लस मिळालेली नव्हती. गोवर येऊन गेलेला बरा म्हणायला तो आधी जावा तर लागतो.

तर चुलतभावाला मी काय सांगितलं? तुम्ही दोघं नोकरीवाले, घरात रात्र काढायला तिसरं माणूस नाही, खिशाला झेपतंय आणि क्लिनिक तिन्ही डोसचा स्टॉक आत्ताच बाजूला काढून ठेवतो म्हणत असेल तर पेनलेस घ्या, काही बिघडत नाही. आमच्यासारखं असेल तर बुधवारी दवाखाना. दहाच्या आत पोचायचं, बाळाला सैल कपडे, तापाचं सिरप किती द्यायचं ते वजन सांगून तिथेच विचारून घ्यायचं, टोचल्यावर अर्धा तास बाकड्यावरून हलायचं नाही. तीन तास रडणं थांबलंच नाही किंवा पोर लुळं पडलं तर कुठलीही लस असो, सरळ हॉस्पिटल. आणि पुढची तारीख पेनाने लिहून घ्यायची.

परवाच्या बुधवारी तो जाऊन आला. रात्री एक वाजून दहा मिनिटांनी त्याचा मेसेज, "101.4, सिरप दिलं, मांडी सुजलीय." पावणेतीनला दुसरा, "दादा, तुझा नंबर हिला दिलाय, तिला तुझ्याशी बोलायचंय." फोन सायलेंटवर होता. सकाळी सातला उघडला तर सहा मिस्ड कॉल आणि शेवटचा मेसेज, "झोपला."